विषारी फळांची पाटी

आमच्या साताऱ्यातल्या सोसायटीच्या कुंपणाला शोभेची करवंदं आहेत. जाड काटे, चांदणीसारखी पांढरी फुलं, लालभडक फळं. ती लावली माळीमामांनी. मामा दुष्काळी माण तालुक्यातले. पाण्यावरून दर उन्हाळ्यात भांडणाऱ्या लोकांच्या दारात हेच झुडूप जगेल, हे त्यांनी आल्या आल्याच ओळखलं होतं. फळ पिकलं की दोन-चार गुपचूप माझ्या हातावर ठेवायचे.

गेल्या वर्षी सुंदर बागेच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते. तोवर मुलांनी फळं ओरबाडू नयेत, म्हणून अध्यक्षांनी मला पाटी लिहायला सांगितली : 'विषारी फळे. हात लावू नये.' इंग्रजी शाळेतल्या मुलींचं अक्षर वळणदार असतं, असा त्यांचा समज. खोटं आहे हे ठाऊक असून मी ती दोन्ही भाषांत लिहिली. मला नाही म्हणता येत नाही.

बागेला दुसरा नंबर मिळाला. पाटी तशीच राहिली. वर्षभर येता-जाता वाचून ती सगळ्यांना खरी वाटू लागली, खुद्द अध्यक्षांनाही.

यंदा त्यांच्या नातीनं एक फळ खाल्लं. तिला दवाखान्यात पळवलं. तिथं तिनं आइस्क्रीम मागितलं. तरी संध्याकाळी बागेतच तातडीची सभा भरली. झुडपं उपटायची आणि माळ्याला काढायचं, असं ठरत आलं.

"आवं सायेब, इषारी न्हाई त्ये," मामा म्हणाले. "खात्यात."

"मग ही पाटी कुणी लावली?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मामांना आठवत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी उठले. कुंपणापाशी जाऊन एक पिकलेलं फळ तोडलं, त्याचा पांढरा चीक ओढणीला पुसला आणि सगळ्यांसमोर खाल्लं. मग दुसरं.

"पाटी मी लिहिली," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

चहा येईपर्यंत सगळे माझ्याकडे बघत बसले. मी चहाही प्याले, तेव्हा इतिवृत्तात 'सखोल चौकशीअंती' माळ्याला कायम ठेवण्यात आलं.

दोन दिवसांत कुंपणावर एक फळ उरलं नाही. अध्यक्षांच्या घरून लोणच्याच्या फोडणीचा वास येत होता. त्यांनी मला नवी पाटी लिहायला सांगितली : 'फळे सोसायटीच्या मालकीची आहेत.'

मी नाही म्हणाले. व्हॉट्सअ‍ॅपवर, पण म्हणाले.