उस्तादाची मूठ

उस्तादाला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर कौतुकाचा. दारू सोडून काही महिने झाले होते आणि जो तो त्याच्या तोंडाकडे बघून मान डोलवत होता. चेहऱ्यावरची सूज उतरली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, अन्न अंगी लागायला लागलं, वा वा! अरे, माणूस आहे की बाजारात उभा केलेला बैल? त्यात मोठा भाऊ, म्हणजे बेकरीचा मालक, रोज सकाळी येऊन खांद्यावर हात टाकायचा. हाताआधी त्याचं नाक पुढे यायचं. तोंडाचा वास घेऊन झाला की मग विचारायचा, काय उस्ताद, बरं आहे ना. उस्ताद दातओठ खात पिठाची गोणी उसवायला घ्यायचा.

उस्ताद हे नाव त्याला कोणी फुकट दिलेलं नव्हतं. पीठ आणि पाणी तो इतरांसारखं मापून घ्यायचा, पण मीठ मुठीने. वजनकाटा समोर असायचा, त्याला तो नवशिक्यांचं खेळणं म्हणायचा. पिण्याच्या वर्षांत त्याने काय काय घालवलं ते विचारू नका, पण मूठ कधी चुकली नाही, पाव कधी बिघडला नाही, हे तो छातीठोकपणे सांगायचा. तेवढीच एक गोष्ट उरली होती बिचाऱ्याकडे सांगायला.

लोकांना वाटतं, दारू सोडली की दुसऱ्या दिवशी माणूस ताजातवाना. डोंबल! सुरुवातीचे दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, इतक्या वर्षांची सवय घरच्या घरी एकदम तोडायला गेलात तर जिवावर बेतेल. हात असे लटपटायचे, की पेल्यातलं पाणी तोंडाशी येईपर्यंत छातीवर सांडलेलं असायचं. घामाने चादर भिजायची, भिंतीवर नसलेल्या मुंग्या चालायच्या. घरी आल्यावर झोपेचं खोबरं झालं. मग भूक आली, ती भस्म्या झाल्यासारखी. एका सकाळी यीस्टचा वास नाकात शिरला आणि तो परातीवर वाकून उभाच राहिला. त्याच नाकाने स्वतःच्या जुन्या शर्टांचाही वास घेतला, आणि बायकोने हे इतकी वर्षं कसं धुतलं, असा प्रश्न त्याला पडला. तिला मात्र तो विचारला नाही.

मग बोटं. भट्टीतले ट्रे तो पातळशा फडक्याने काढायचा आणि आपली कातडी कशी राठ आहे याची मिजास मारायचा. डॉक्टर म्हणाले, कातडी कसली राठ, नसा बधिर झाल्यात. पूर्ण परत येतील याची खात्री नाही, धीर धरा. आता त्या बोटांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. एकदा ट्रेला बोट लागलं आणि तो कळवळून ओरडला. भाऊ खो खो हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

जीभ सगळ्यात शेवटी ताळ्यावर आली, आणि घोळ तिथेच झाला. उस्तादाला स्वतःचा पाव अळणी लागायला लागला. गल्ल्यावर एकदोन गिऱ्हाइकांनीही नाक मुरडलं. गल्ला बायको सांभाळायची. सकाळी त्याच्या आधी येऊन डबे भरून ठेवणं, हत्यारं मांडणं हेही तीच करायची. त्याने तिला विचारलं. पाकिटं बांधता बांधता, मान वर न करता ती म्हणाली, तुमची चव अजून पुरती आलेली नाही, येईल हळूहळू. भावानेही तेच सांगितलं. उस्तादाने ते मुकाट्याने मानलं. जिभेवर त्याचा भरवसा नव्हता, मुठीवर होता. म्हणून मूठ होती तेवढीच ठेवली.

पण एका सकाळी पीठच बोटांना चिकटायला लागलं. सैल, लिबलिबीत, आणि वेळेआधीच फुगून परातीबाहेर आलेलं. धंद्यातल्या कोणालाही विचारा, पिठाला आवरून धरतं ते मीठ. मीठ कमी पडलं की यीस्ट उधळतं. जीभ खोटं बोलेल एक वेळ, पण पीठ? आणि आता बोटंही तेच सांगत होती. उस्तादाने फळीवरचा मिठाचा डबा काढला, बोट बुडवून चाटलं. त्यात निम्मा मैदा होता. बेकरीत सगळंच पांढरं, कोणाला दिसणार?

त्याने डबा बायकोच्या पुढ्यात आदळला. भाऊ धावत आला आणि कोणी विचारायच्या आत सगळं ओकून मोकळा झाला. पिता पिता उस्तादाची मूठ जड झाली होती. जिभेला पत्ता नाही, त्यामुळे पावाचे घाणेच्या घाणे खारट निघायचे, गिऱ्हाईक तुटायला लागलं होतं. म्हणून उस्तादाच्या बायकोने डब्यात मैदा मिसळायला सुरुवात केली. मूठ जड होत गेली, तसतसा मैदाही वाढत गेला. आता मूठ ताळ्यावर आली, पण डब्यात मैदा होता तेवढाच राहिला. असं सांगून, बाहेर गिऱ्हाईक आहे, आवाज कमी ठेवा, असंही तो म्हणाला.

म्हणजे ती न चुकणारी मूठ बायकोची होती. उस्तादाच्या कानशिलातून वाफा निघायच्या बाकी होत्या.

"आणि सोडल्यावर?" त्याने विचारलं. "सोडल्यावरही मिसळतच राहिलीस?"

"याआधीही सोडली होतीत तुम्ही," बायको म्हणाली.

"मला सांगायचं होतंस. तोंड नव्हतं तुला?"

तिने बाही कोपरापर्यंत वर सारली. हातावर भाजल्याचा जुना, लांबट, सरळ कडेचा डाग होता. तो डाग उस्तादाच्या ओळखीचा होता. भट्टीपाशी वेंधळेपणा करते म्हणून त्यावरून त्याने तिला कितीदा तरी झापलं होतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मीठ जास्त झालंय, एवढंच म्हटलं होतं. तुमच्या हातात ट्रे होता."

त्याला काही म्हणजे काही आठवेना. तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि नळाखालची बादली त्याने अशी लाथाडली, की ती भिंतीवर जाऊन फुटली. काय हवं होतं ते खरं सांगायचं तर बाटली हवी होती. कोपऱ्यावरच्या गुत्त्याची वाट पायांना पाठ होती. त्याला भावाचा राग आला, बायकोचा आला, धीर धरा म्हणणाऱ्या डॉक्टरचाही आला. स्वतःचा आला तेव्हा तो कुठे काढावा हेच कळेना. बऱ्याच वेळाने तो आत आला, डबा कचऱ्यात उपडा केला, घासला, पुसला आणि पोत्यातलं निव्वळ मीठ त्यात स्वतःच्या हाताने भरलं. थोडं मिसळलेलं बाजूला राहू द्यायचं होतं, असं भाऊ पुटपुटला. उस्तादाने नुसतं बघितलं, तसा तो गल्ल्याकडे पळाला.

दुसऱ्या सकाळच्या पहिल्या घाण्यातला पाव उस्तादाने स्वतः मोडून चाखला. मीठ अगदी नेमकं होतं. जिभेला कळत होतं, आणि पीठ आवळून आलं होतं ते बोटांना आधीच कळलं होतं. तो दुसरा ट्रे बाहेर काढत होता, तेवढ्यात बायको आत आली. बाही कोपरापर्यंत वर केलेली. तिने पहिल्या घाण्यातला एक पाव उचलला, तुकडा तोडून चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

भाऊ दारात जागच्या जागी थिजला. मीठ जास्त झालेलं नव्हतं. उस्तादाला ते माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. त्याचं डोकं सणकलं, एक सणसणीत शिवी ओठापर्यंत आली. मग त्याच्या लक्षात आलं, ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती ट्रेकडे बघत होती. फडकं पातळ होतं, बोटं भाजत होती, आणि आता ती बोटं सगळं सांगत होती. त्याने ट्रे टेबलावर ठेवला, आवाज न करता.

"बरं," तो म्हणाला. रागातच म्हणाला, तो लपवायला गेला नाही. "उद्या बघतो."

 मग तिने हातातला पाव उभ्या उभ्या संपवला, आणखी एक उचलला आणि बाही खाली ओढून गल्ल्यावर जाऊन बसली.