अमोनिया आणि उघडलेल्या मुठी

बदलापूरला कात्रपमधल्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत किर्ती मॅडम बारावीची केमिस्ट्री शिकवायच्या. अंबरनाथच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून शशिकांत आत भाजी निवडत बायकोचा वर्ग ऐकायचे. दिवाळीपासून मात्र ऐकणं संपलं, पहारा सुरू झाला. किर्ती गॅस चालू ठेवून विसरायची, सख्ख्या बहिणीचं नाव विसरायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हाच तिनं ठरवलं होतं, वर्गात चुकले की त्या दिवसापासून शिकवणं बंद. पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे.

एन्ट्रॉपीच्या धड्याला तिची एक पद्धत होती. वही मिटायची, समीकरण बघायचं आणि आधी अंदाज द्यायचा. एन्ट्रॉपी, म्हणजे कणांचा पसारा, वाढणार असेल तर पंजा उघडा, घटणार असेल तर मूठ. वायूचे मोल मोजा, ती सांगायची, वायू म्हणजे पसारा. दोन्हीकडे सारखेच निघाले तर हात खाली. तिथं अंदाज चालत नाही, गणितच करावं लागतं.

त्या दिवशी फळ्यावर अमोनिया होता. नायट्रोजनचा एक मोल, हायड्रोजनचे तीन, पलीकडे अमोनियाचे दोन. चाराचे दोन झाले, पसारा आवरला. सगळ्या मुठी वर गेल्या.

किर्तीनं पंजा उघडला.

आतल्या दारातून बघणाऱ्या शशिकांतांच्या हातातली गवार हातातच राहिली. बाहेर पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक मूठ उघडली, मग दुसरी, बघता बघता सगळ्याच. किर्तीचा चेहरा खुलला. निभावलं, असं शशिकांतांना वाटलं. पोरांचे पाय धरावेसे वाटले.

पण ती फळ्याकडे वळली आणि तिथंच थांबली. बोट ठेवून पुन्हा मोजलं.

"श्रद्धा, मूठ का उघडलीस?"

श्रद्धा खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही उघडलीत म्हणून."

पोरं गेल्यावर किर्तीनं फोन हातात घेतला. एकदाच तर चुकलीस, परीक्षेपर्यंत मी शेजारी बसतो, असं शशिकांत परोपरीनं सांगत राहिले.

"अहो, चूक मला सापडली. पण त्यांनी ती झाकली. आता रोज झाकतील."

पुष्कर तिचा जुना विद्यार्थी, अंबरनाथला त्याचा क्लास होता. वर्ग त्याच्याकडे सोपवत तिनं त्याला एकेक पोर समजावून दिलं. श्रद्धा घाईत चिन्ह चुकते. गंधार एककं लिहीत नाही. "आणि तो, खिडकीपाशी बसतो..." ती अडली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"वरद," शशिकांत हळूच म्हणाले.

"वरद," ती फोनमध्ये म्हणाली. "त्याला ओरडू नकोस."