पहिल्या तुकड्याचं लुगडं

खैरुनबीला कुणी विचारलं, "तुमच्या घरात माणसं किती ओ?" की ती म्हणायची, "माणसं चार, कुत्री सात. आन् अक्कल म्हणाल तर त्या सातांतच जास्त." कळंब्याच्या वाटेवर, वस्ती संपून माळ लागतो तिथं तिचं घर. नवरा मौलाली एका जहागीरदाराची शिकारी कुत्री सांभाळायचा. शाहू महाराजांचं राज्य होतं. खुद्द राजालाच शिकारीचा नाद, मग सरदार-जहागीरदार कसले मागं राहतायत? लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली ती कारवानी कुत्री मौलालीच्याच घरात राहायची आणि ओट्यावर निजायची. मौलाली त्यांना माळावर पळवायचा, धाकटा भाऊ अल्लाउद्दीन पट्टे-साखळ्या बघायचा, आणि खायला घालायची खैरुनबी. रोज पाटीभर जाड भाकरी ताकात कुस्करायची. बाई दमायची, पण दुसऱ्या कुणाला पाटीला हात लावू द्यायची नाही.

त्याला कारणही तसंच होतं. जहागीरदारांच्या घराण्यात एक रीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारभारी यायचे आणि सातही कुत्री मोकळी सोडायची. कळपाचा पुढारी ज्या हातनं पहिला तुकडा खाईल, त्या हाताला सरकारांकडनं मानाचं लुगडं. पुढारी ज्याचा, कळप त्याचा, असा त्यांचा हिशेब. पंधरा वर्षं ते लुगडं खैरुनबीलाच आलं होतं. नेसायची ईदला, नाहीतर लग्नात. पण नेसली की शेजारच्या झुंबरबाईच्या दारावरनं पाण्याच्या चार खेपा घालायची. विहिरीत पाणी असो नसो.

गेली आठ वर्षं पुढारी होती रेशम. आई मेली तेव्हा रेशम मुठीएवढी होती. खैरुनबीनं तिला शेळीच्या दुधात बोळा भिजवून जगवलं. रेशम ओट्यावरनं उठली की बाकीची उठायची. रेशमनं तोंड लावल्याशिवाय एकाची जीभ बाहेर यायची नाही. दुसरं कुणी पुढं घुसलं तर ती भुंकायचीसुद्धा नाही, नुसती बघायची, आणि ते कुत्रं मान वळवून बाजूला व्हायचं.

वैशाखात अल्लाउद्दीनचं लग्न झालं. बायको मुरगूडची, नाव जरीना. आल्या दिवशी सात कुत्री बघून पोरगी अशी किंचाळली की वरातीत आलेली बैलं बुजली. खैरुनबी पोट धरून हसली. मनात म्हणाली, बरं झालं बाई, ही काय पाटीच्या वाटेला जायची नाही.

पण जरीना गप गरीब दिसली तरी खमकी निघाली. महिन्याभरात भीती मोडली. आधी कुत्र्यांच्या पाण्याची डोण भरू लागली, मग गोचिड्या काढू लागली. कुत्री तिच्यामागनं हिंडू लागली. सगळ्यांत जास्त कोण, तर बिजली. बिजली ही रेशमचीच लेक, नुकतीच तिसऱ्या वर्षात आलेली, अंगानं आईपेक्षा बोटभर उंच.

आणि त्याच उन्हाळ्यात बिजलीचं वारं फिरलं. दारातनं आधी रेशम जायची, तिथं बिजली खांदा घालू लागली. सकाळचं ऊन पडायचं ती ओट्याच्या कोपऱ्याची जागा रेशमची, तिथं बिजली आडवी. एकदा तर तिनं उभ्या उभ्या आईच्या मानेवर हनुवटी ठेवली. रेशम गुरगुरली, पण पहिल्यासारखं नाही. बाकीची पाच लांबनं बघत होती, आणि दुसऱ्या दिवसापासनं ती बिजलीचं तोंड चाटायला जाऊ लागली. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, ते कुत्र्यांतही असतं बरं.

खैरुनबीनं हे सगळं पाहिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोष कुणाला दिला? जरीनाला! "तूच फूस लावलीस त्या रांडंला," ती कडाडली. "गोचिड्या काढतीया म्हणं! माझ्या रेशमला खाली बसवायचं हाय व्हय तुला? पंधरा वर्सं मी धुरात डोळं फोडून घेटलं, आन् तू आयत्या पिठावर रेघोट्या वढाय आलीस!"

"न्हाय ओ भाबी," जरीना म्हणाली, "मी कशाला फूस लावू? ती आपसूकच तसं कराय लागलीया."

ते 'आपसूक' खैरुनबीला चाबकासारखं लागलं. त्या दिवसापासनं तिचं डोकं एकाच गोष्टीवर चालू लागलं. दसऱ्याला पुढारी रेशमच असली पाहिजे. बिजली झाली तर जरीनाच्या हातनं खाईल, आणि लुगडं जरीनाच्या अंगावर चढेल. तिला रात्री घास गोड लागेना. जरीना हसली तरी वाटायचं, आपल्यालाच हसतीय.

मग तिनं घातला घोळ. खायच्या वेळी बिजलीला खुंट्याला बांधायची आणि रेशमला आधी वाढायची, वर बोकडाच्या काळजाचा तुकडा. ओट्यावरनं बिजलीला फुंकणीनं हाणून उठवायची आणि रेशमला मानगुटीला धरून तिथं बसवायची. रेशम बसायची खरी, पण कान पाडून, आणि बाईची पाठ वळली की आपणहून उतरायची. मौलाली म्हणाला, "अगं, कुत्र्यांचा निवाडा कुत्र्यांनाच करू दे. तू मधी पडलीस तर म्हाताऱ्या रेशमचा जीव जाईल."

"तुमी गप बसा. तुमास्नी काय कळतंय?"

"आयुष्य कुत्र्यांतच गेलं की माझं," मौलाली म्हणाला आणि बिडी पेटवून बाहेर गेला.

भाद्रपदात व्हायचं ते झालं. रेशमच्या तोंडात काळीज, बिजलीचा दोर तुटला, आणि बाईनं रेशमला पुढं ढकललं. म्हातारीला मागं सरायला वाट राहिली नाही. मायलेकी भिडल्या, आणि दोन पळांत रेशमचा कान फाटला. अल्लाउद्दीननं पाणी ओतून सोडवलं. जरीना पळत हळद-तेल घेऊन आली आणि कान धरून बसली. आणि रेशमनं, खैरुनबीच्या रेशमनं, जरीनाचा हात चाटला.

खरं सांगायचं तर त्या घडीला बाईला रेशमच्या रक्तापेक्षा ते चाटणं जास्त झोंबलं. तिची तिलाच लाज वाटली, पण झोंबायचं थांबलं नाही.

दसऱ्याच्या आदला दिवस उजाडला. खैरुनबीनं मौलाली नि अल्लाउद्दीन माळावर जळण आणायला गेलेले बघून बिजलीला भाकरी दाखवत कडब्याच्या खोलीत नेलं आणि कडी घातली. कारभाऱ्यांना सांगायचं, बिजली लंगडतीय. उरली सहा, त्यांत पुढारी रेशमच. पदर खोचून ती तयार झाली.

कारभारी रुद्रय्या आले, कपाळाला भस्म, बगलेत लुगड्याचं बोचकं. तोवर माळावरनं परतलेल्या मौलालीनं कुत्री सोडली. "सहाच की ओ!" रुद्रय्या म्हणाले.

"बिजलीच्या पायात काटा हाय," खैरुनबीनं ठोकून दिलं. मौलालीनं चमकून बायकोकडं पाहिलं. जरीना दारात होती. तिनं कडब्याच्या खोलीची कडी पाहिली होती, खैरुनबीला ते कळलंही होतं. आता बोलतीय ही, संपलं!

"व्हय जी," जरीना म्हणाली. "मीच काढला काटा. दुखतंय अजून."

हिनं आपली लाज राखली? खैरुनबीच्या अंगाची लाही झाली. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

तिनं पाटी पुढं ठेवली, तुकडा उचलला. "ये गं रेशम, ये माझ्या बये."

रेशम उठली आणि हाताजवळनं सरळ पुढं निघून गेली. कडब्याच्या खोलीच्या दारापाशी जाऊन बसली. तिच्यामागं एकेक करत बाकीची पाचही जाऊन बसली. भाकरीचा वास सुटला होता, लाळा गळत होत्या, पण एक तोंड लावील तर शपथ! सहा तोंडं बंद दाराकडं. खैरुनबीनं तीनदा हाक मारली.

रुद्रय्या हसून म्हणाले, "काटा पायात न्हाय बाई, दाराला हाय. काढा कडी."

मौलालीनं कडी काढली. बिजली बाहेर आली, अंग झाडलं. सगळी बाजूला झाली, रेशमही. खैरुनबीनं जरीनाकडं पाहिलं. पोरगीनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते आणि ती चौकटीला चिकटून उभी होती. बिजलीनं इकडं तिकडं पाहिलं. भाकरी खैरुनबीच्या हातात होती. कुत्र्याला काय, त्याला फुंकणीचा मार आठवत नाही असं नाही, पण भाकरी कुठनं येते तेही ठाऊक असतं. बिजली आली आणि खैरुनबीच्या हातातनं तुकडा घेतला. बाकीची सहा मागं थांबली.

"झालं!" रुद्रय्या म्हणाले. "सोळावं लुगडं. घ्या." अंजिरी रंगाचं, जरीकाठाचं. खैरुनबीनं ते काखेत धरलं. जिंकली की बाई! झुंबरबाईला दाखवायला हवं. पण बिजली तिच्या गुडघ्याला टेकून उभी होती, हलायला तयार नव्हती. ती जागा आता तिची झाली होती. एकेक कुत्रं बिजलीकडं बघत बघत येऊन आपला वाटा घेऊन गेलं.

रेशम आली नाही. खैरुनबीनं तुकडा लांब केला, "ये की गं," म्हणाली. रेशमनं दोन पावलं टाकली. बिजलीनं नुसतं बघितलं, आणि रेशमनं मान वळवली. अंगण ओलांडून ती जरीनापाशी गेली आणि तिच्या पायांवर अंग टाकलं. जरीनानं हात पाठीमागनं काढलेच नाहीत. मोठ्या जावेकडं भेदरून बघत राहिली.

काय वाटलं म्हणून सांगू खैरुनबीला! काखेत लुगडं, गुडघ्याला कळपाचा पुढारी, आणि पोटात नुसती आग. त्या पोरीच्या पायांवर आपली रेशम बघवत नव्हती. लुगडं फेकून द्यावं, जरीनाला दाराबाहेर काढावं, रेशमला छातीशी धरून रडावं, सगळं एकदम वाटत होतं. पण म्हातारी रेशम सकाळपासनं उपाशी होती.

खैरुनबीनं पाटीतला शेवटचा तुकडा ताकात बुडवला आणि जरीनापुढं धरला.

"दे तिला," ती म्हणाली. "माझ्या हातनं न्हाय खायची ती आता."