रस्त्यात बसणारी आक्का

माझी थोरली बहीण भर बाजारात रस्त्यावर बसत असे. नऊवारी सावरून, मांडी घालून, खाली धुळीत. बरोबरची अडीच वर्षांची मुलगी हट्टाला पेटून लोळण घेई आणि आक्का तिच्या शेजारी बसून राही. मारणं नाही, दटावणं नाही, खाऊचं आमिष नाही. रडं थांबलं की दोघी उठून पुढे जात. याला कधी पाच मिनिटं लागत, कधी अर्धा तास. पाहणाऱ्यांना मोठा धक्का बसे. बेळगावजवळच्या वडगावातल्या चांगल्या घरच्या विधवा बाईनं असं बसावं, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसे.

मुलगी माझी. तिचं नाव कुसुम. तिच्या जन्मानंतर आठव्या दिवशी तिची आई गेली. आक्का अशी रस्त्यात बसे तो काळ दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडा आधीचा. मी बेळगावातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो. आक्का लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी परतली होती आणि घरच्या मागावर लुगडी विणत होती. तिला मूल नव्हतं. कुसुमला तिनंच वाढवलं.

तिची ही रीत मागावरूनच आली असावी. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा पाय खड्ड्यात सोडून दिवसभर बसलेलाच असतो. ताण्यातला उभा धागा तुटला की हात थांबवायचा, दोन्ही टोकं शोधायची, गाठ मारायची आणि मग पुढचं विणायचं. घाईनं ओढलं तर शेजारचे चार धागे तुटतात. कुसुम लोळायला लागली की आक्का म्हणे, "हिचा कुठंतरी धागा तुटलाय. गावंस्तवर बसायचं."

एकदा खडेबाजारात एका टांगेवाल्यानं घोडा थांबवून विचारलं, "आक्का, आज हितंच मुक्काम काय?"

"बाजूनं घे रं बाबा," आक्का म्हणाली. "आमचं माणूस रागावलंय."

"आनी तुमी?"

"मी सोबतीला हाय."

बाहेर पडण्याआधी ती कुसुमला सगळा बेत सांगत असे. आधी तेलाचं दुकान, मग देऊळ, मग घर. दोन घास भरवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. भीती घालणं तिला मुळीच चालत नसे. शेजारच्या काकूंनी एकदा कुसुमला सांगितलं, "गप बस, न्हायतर शिपाई धरून नेतोय." आक्कानं समोरून जाणाऱ्या शिपायालाच हाक मारली. "दादा, ह्या पोरीला न्यायची हाय काय तुमास्नी?" तो गोंधळून म्हणाला, "मी कशाला नेऊ?" आक्का कुसुमकडे वळली. "ऐकलंस न्हवं? न्हेत न्हाईत." काकू त्यानंतर महिनाभर आमच्याकडे आल्या नाहीत.

येळ्ळूरला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कुसुमनं किंकाळ्या फोडल्या. आक्का तिला घेऊन मांडवाबाहेर गेली आणि गोठ्यामागे बसून राहिली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी ती आली नाही. नवरी आमची सख्खी चुलत बहीण होती. परतताना मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "लगीन माझ्याबिगर लागलं की. हिचं रडं माझ्याबिगर कसं थांबंल?"

दिवाळी झाल्यावर माझे सासू-सासरे निपाणीहून आले. सासरे तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. लेकीची एवढीच खूण उरली होती, ती आपल्याकडे असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ती माणसं समजूतदार होती. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवस बघतो. पोर वळणात असली तर आमचं काय म्हणणं न्हाय." कुसुम वडगावात राहणार की निपाणीला जाणार, हे त्या दोन दिवसांत ठरणार होतं. आक्काला हे माहीत होतं. तिनं आपल्या रीतीत काहीही बदल केला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बांगड्या घ्यायला बाजारात गेलो. दुकानाची पायरी कुसुमला स्वतः उतरायची होती. सासऱ्यांनी तिला मायेनं उचलून खाली ठेवलं. ती तिथंच आडवी झाली. आक्का तिच्याशेजारी बसली. दहा-पंधरा माणसं जमली. सासऱ्यांचा चेहरा उतरला. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अहो, उठवा त्यास्नी. लोक बघत्यात."

मी मुलीला उचलायला वाकलो. मला वाकलेलं पाहताच कुसुमनं दोन्ही तळहातांनी आपले गाल झाकले. रडं तत्क्षणी थांबलं.

"बघा," सासरे समाधानानं म्हणाले, "बापाला बराबर भितीया."

आक्का उठली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी आधी पाहिला नव्हता.

"किती येळा?" तिनं विचारलं.

खोटं सांगायचं सुचलं नाही. "तीनदा."

"कुठं?"

आक्का मागावर असताना संध्याकाळी मी कधीमधी मुलीला बाहेर नेत असे. एकदा शहापुरात देवळासमोर, एकदा सांबऱ्याच्या वाटेवर टांग्यात, एकदा कचेरीच्या दारात. मी तिन्ही ठिकाणं क्रमानं सांगितली.

"का?"

"लोक बघत होते."

आक्का सावकाश उठली. कुसुमला तिनं परत पायरीवर उभं केलं आणि तिची ती उतरेपर्यंत थांबली. मग सासूबाईंना म्हणाली, "विहीणबाई, तुमच्यात पोराला कोण मारतंय काय?"

"न्हाय बाई. कोण मारंल?"

"मग न्या हिला."

सासूबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. जे मागायला आलो ते असं आपोआप हातात पडेल, याची त्यांनाही कल्पना नव्हती. सासरे म्हणाले, "अवो, एवढ्या-तेवढ्यावरनं कुटं..." आक्कानं त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, "पुन्हा मारणार नाही."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर त्ये तिला कुठं ठावं हाय? मी दिसभर मागावर. तुजी चाहूल लागली की ती गाल झाकणार, आनी मी आत बसून इणत ऱ्हाणार. मला न्हाय जमायचं." मग तिनं अट घातली. दर रविवारी मी निपाणीला जायचं. मुलीला बाजारातून हिंडवून आणायचं. घरी चल असं आपण म्हणायचं नाही. "ती आपनहून म्हणंल तवा आण."

कुसुम सर्व्हिस मोटारीनं गेली. आक्का स्टँडवरून आली आणि मागावर बसली. त्या दुपारी तिनं चार बोटं विणलं. दुसऱ्या दिवशी ते सगळं उलगडून काढलं.

मी आठ वर्षं रविवारी निपाणीला जात राहिलो. बाजारात कुसुम लोळली की शेजारी बसायला शिकलो. वखारीतली माणसं ओळखीची होती, ती हसत. पुढे लोळायचं वय सरलं. ती शाळेत जाऊ लागली. मी गेलो की पाण्याचा तांब्या आणून ठेवी, पुस्तक दाखवी, मी निघालो की दारापर्यंत येई. घरी येते असं मात्र ती म्हणाली नाही. सासूबाईंचा तिला लळा होता आणि तिथं तिला काही कमी नव्हतं.

संध्याकाळी परतलो की आक्का मागावरूनच विचारत असे, "म्हणाली काय?"

"न्हाय."

"बरं. जेव."

या बोलण्यात एका शब्दाचाही फरक पडला नाही. मला तिनं त्या प्रकाराबद्दल पुन्हा कधी बोल लावला नाही. आठ वर्षं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी तिला ताप आला, तो उतरलाच नाही. कुसुमला आणायला मी निपाणीला गेलो. तिला गोवर निघालेला होता, तापात ती डोळेही उघडत नव्हती. सासूबाईंनी हात जोडून सांगितलं, आता हलवता यायची नाही. मी एकटा परतलो. आक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागताच वळली.

"म्हणाली काय?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं माझ्यामागे दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग डोळे मिटून म्हणाली, "जेव जा."