देवाखालची फळी

सोसायटीच्या फाटकाबाहेर पाण्याच्या लाइनीसाठी चर खणला, त्यात सगळ्यात आधी पडलो तो मी. पडलो म्हणजे एक पाय गेला, गुडघ्यापर्यंत. हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. त्या मी शेवटपर्यंत वर धरून ठेवल्या आणि त्याबद्दल घरी थोडं कौतुक होईल अशी माझी समजूत होती. बायकोने चिखलाने भरलेला पाय पाहिला आणि म्हणाली, "चर काल दुपारपासून आहे. बाकी सगळ्यांना दिसला."

मग मी सोसायटीच्या सेक्रेटरीला शोभेल असं सगळं केलं. ग्रुपवर चराचा फोटो टाकला, पाठोपाठ माझ्या पायाचाही टाकला, आणि दोन्ही ठेकेदाराच्या इंजिनियरलाही पाठवले. ठेकेदाराच्या मुकादमाला फाटकापाशी गाठलं आणि चांगली दहा मिनिटं सुनावलं. "म्हातारी माणसं येतात-जातात इथून. आगाशीच्या बसमधून उतरून लोक याच कडेने चालत येतात. असा उघडा चर टाकून जाता म्हणजे काय? झाका तो!"

मुकादम माझ्याच वयाचा, गास गावचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "झाकतो सायेब. तुमचं बरोबर हाय."

दुपारी त्याने सेंट्रिंगच्या जाड फळ्या आणून टाकल्या. फाटकासमोर दोन लांब, आणि बसथांब्याकडे, जिथे पायवाट अगदी चिंचोळी होते आणि चर कमरेइतका खोल होता, तिथे एक आखूड. फळी हलू नये म्हणून दोन्ही टोकांना माती दाबली, वर उभा राहून नाचल्यासारखं करून पाहिलं. प्रत्येक फळीवर लाल रंगात आकडा होता. आखूड फळीवर चौदा. ग्रुपवर माझ्या नावाने बरेच अंगठे आले. एक-दोघांनी हात जोडले.

आठवडाभराने सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. यंदा पूजेला बसायचा मान आमच्या जोडीकडे. पण खणण्याच्या धक्क्याने पार्किंगमधल्या फरशा सैल झाल्या होत्या आणि चौरंग डुगडुगत होता. गुरुजी म्हणाले, "यजमान, खाली काहीतरी सपाट घ्या. कलश कलंडला तर बरं दिसत नाही."

सपाट काहीतरी शोधायला मी बाहेर पडलो. फाटकासमोरच्या फळ्या फार लांब. चौदा नंबरची मात्र मापात होती.

चर उघडा टाकून गेलो असं कोणी म्हणू नये. मांडवाच्या खांबांना बांधायला आंब्याच्या फांद्या आणल्या होत्या, त्यातली एक हिरवीगार डहाळी मी फळीच्या जागी चरात रोवली. रस्त्यात खड्डा असला की आपल्याकडे फांदी रोवतात. लांबून दिसते, माणूस वळसा घालून जातो. मी रोवली ती छातीइतकी उंच, पानांनी गच्च. दोन पावलं मागे होऊन पाहिलंसुद्धा. छान दिसत होती. तेच नडलं.

"फळी कुठली हो?" बायकोने विचारलं.

"मांडववाल्याची."

खोटं बोलायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण खरं सांगितलं असतं तर ती "आधी परत ठेवून या" म्हणाली असती, आणि तिच्या म्हणण्यात नेहमीप्रमाणे तथ्य निघालं असतं. मी फळीवर सतरंजीचा तुकडा टाकला, त्यावर चौरंग, चौरंगावर देव.

कलश मांडून होतोय तोवर मुकादम फाटकात आला. "सायेब, बसथांब्याकडली फळी कोनी नेली?"

मी पीतांबर सावरत त्याच्यापाशी गेलो आणि हळूच चौरंगाकडे बोट केलं. "आता देव बसलेत हो. उद्या उत्तरपूजा झाली की पहिली तुमची फळी. आणि काळजी करू नका, डहाळी रोवलीय मी."

त्याने पायातली चप्पल काढली, लांबूनच नमस्कार केला. "देवाखालची कशी मागू? राहू द्या. पन सायेब, डहाळी म्हंजे झाकन नाय. मी पलीकडल्या गल्लीतनं दुसरी फळी आनतो. तवर कोनाला तरी तिथं उभं करा."

"हो हो, करतो," मी म्हणालो.

मी खरंच करणार होतो. पण गुरुजींनी हाक मारली, "यजमान, आचमन करा," आणि मी जाऊन पाटावर बसलो. वॉचमन वीस पावलांवर खुर्च्या मांडत होता. त्याला एक हाक मारायची होती, तेवढंच.

पूजा सुरू झाली. पूजेत नवऱ्याच्या हाताला बायकोने आपली बोटं लावायची असतात, म्हणजे तो जे अर्पण करेल त्यात तिचाही वाटा. प्रत्येक पळीला ती माझ्या दंडाला बोटं लावत होती. तिसरा अध्याय चालू असताना बसथांब्याकडून ओरडा आला.

पीतांबर दोन्ही हातांनी धरून मी पोचलो तेव्हा मुकादम कमरेइतक्या चरात उभा होता आणि त्याच्या हातांवर बायकोची आत्या होती. खांद्यावरून आणलेली दुसरी फळी त्याने रस्त्यातच टाकून उडी मारली होती. आत्याबाई आगाशीला राहतात, स्वतःची वाडी आहे. पूजेला म्हणून बसने आल्या होत्या. केळीची पानं, तगर, तुळस, सगळं चिखलात पसरलं होतं. उजवं मनगट वेडंवाकडं झालं होतं. डाव्या मुठीत मात्र आंब्याची पानं होती, मोजून पाच.

"वाडीत तीन आंबे आहेत माझे," त्या विव्हळत सांगत होत्या, "आणि कलशाची पानं तेवढी घरी विसरले. लाज वाटली रिकामं यायला. इथे डहाळी दिसली, म्हटलं कोणीतरी पूजेचीच ठेवलीय. पाचवं पान तोडायला पुढे झाले मात्र, आणि खाली जमीनच नाही!"

म्हणजे मी धोक्याची खूण म्हणून जी रोवली होती, ती पूजेच्या दिवशी, पूजेला आलेल्या बाईला, चक्क बोलावत होती.

आमचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले, मुकादमावर धावून गेले. "कुठे होतास तू? फळी कुठाय इथली? चहा ढोसायला गेला होतास?"

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं सायेब."

मी म्हणालो, "आधी दवाखान्यात नेऊ या." योग्यच होतं ते. इतकं योग्य, की त्यामागे माझं तोंड सहज लपलं.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून आत्यांना घेऊन आम्ही चारच्या सुमाराला परतलो, त्यांना वर आमच्या घरी निजवलं. राहिलेले अध्याय आणि आरती गुरुजींनी आमच्यावाचूनच उरकली होती. खाली पार्किंगमध्ये खजिनदार कागद घेऊन तयार. ठेकेदाराचा इंजिनियर येऊन गेला होता आणि मुकादमाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. आता तोच इंजिनियर सोसायटीचं पत्र न्यायला पुन्हा येणार होता. "तुम्हीच लिहा. तुमचं मराठी चांगलं आहे," खजिनदार म्हणाले.

आणि मी लिहिलं. एका बैठकीत दोन परिच्छेद. 'अक्षम्य निष्काळजीपणा' हे शब्द मला कोणी सुचवले नाहीत, ते माझे स्वतःचे. लिहिताना समोर चौरंग होता, त्याच्याकडे मात्र बघत नव्हतो. ज्याच्या नावातच सत्य आहे, त्याच्यापुढे बसून मी हे करत होतो.

घरी पाणी प्यायला गेलो तर आत्या म्हणाल्या, "जावईबापू, मला उचललं त्या माणसाला प्रसाद दिलात का?"

द्रोणात शिरा घेऊन खाली उतरलो. मुकादम फाटकाबाहेर घमेली एकात एक घालत होता. बसथांब्याकडे दुसरी फळी नीट बसवून झाली होती, दोन्ही टोकांना माती दाबलेली. काम गेल्यावर बसवली होती त्याने ती. द्रोण त्याने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

"तुम्ही सांगितलं का नाहीत हो त्यांना?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार बारीक.

"देवाखालची फळी, सायेब. तिचं नाव घेऊन भांडन कसं करायचं?" मग थोडा हसला. "घरी काय सांगू ते ठरवतोय. गावात काम गेल्याचं लपत नाय. लोक म्हनतील, बाईला खड्ड्यात पाडली ह्याने."

तेवढ्यात इंजिनियरची मोटरसायकल आली. खजिनदारांनी पत्र त्याच्या हातात दिलंसुद्धा. मी मुकादमाला म्हटलं, "या माझ्याबरोबर," आणि त्या दोघांसमोर चौरंगाखालची सतरंजी बाजूला केली. लाल चौदा.

"ही बसथांब्याकडची फळी," मी म्हणालो. "मी काढली. यांनी मला तिथे माणूस उभा करायला सांगितलं होतं, तोही मी केला नाही. पत्रात लिहिलंय ते माझ्याबद्दल आहे."

मग खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, "आता पत्रात नाव कोणाचं घालायचं?"

इंजिनियरने पत्राची घडी केली. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "पायाचा फोटो तुमचाच होता ना तो?"

"माझाच."

"वाटलंच," तो म्हणाला. पत्र मला परत दिलं आणि मुकादमाला म्हणाला, "सकाळी ये."

वर जाऊन आत्यांना सांगितलं. त्यांच्या पलंगाशेजारी उभं राहून, शाळेत उभं करतात तसं. त्यांनी प्लास्टरचा हात उशीवर सरकवला. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. दुपारपासून मला वाटत होतं, माझीच नजर गेली." त्यांनी रागवायला हवं होतं. पुढचे सहा आठवडे त्यांनी एका हाताने काढले.

बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत्यांसाठी भात कालवायला स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. चौदा नंबरची फळी मी डोक्यावर घेतली, अख्ख्या सोसायटीसमोरून नेऊन मुकादमाच्या स्वाधीन केली आणि घरी येऊन हात धुऊ लागलो. ती मागे टॉवेल घेऊन उभी राहिली.

"काल पूजाभर मी तुमच्या हाताला हात लावून बसले होते," ती म्हणाली. "जे कराल त्यातलं अर्धं मला मिळतं. अर्ध्यात काय काय आहे, ते पुढच्या वेळी बसायच्या आधी सांगत जा."