खाली घेतलेली कडी

रंगमंचावर मी आयुष्यभर धक्के खाल्ले. दूत बातमी घेऊन आला की कपाळाला हात, दोन पावलं मागं, एक किंकाळी. विंगेतला माणूस तेवढ्यात पत्रा हलवून गडगडाट करायचा आणि तंबूतली पुढची रांग गार पडायची. टाळ्याही पडायच्या. पण माणसाला खरोखरचा धक्का बसतो तेव्हा तो कसा दिसतो, हे मला उतारवयात शेजारच्या महेश्वरीनं दाखवलं. ती ओरडली नाही. मागं सरली नाही. तिनं फक्त हातातलं ओलं फडकं अगदी सावकाश घडी घालून बादलीच्या काठावर ठेवलं. ते फडकं आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

नाटक कंपनी मोडली तेव्हापासून मी नळदुर्गातल्या या गल्लीत भाड्यानं राहते. माझी आणि महेश्वरीची भिंत एकच. तिचा नवरा महांतेश हायवेवर ढाब्याशेजारी ट्रकच्या टायरांचं दुकान चालवतो. सकाळी उजळ जातो, संध्याकाळी काळा येतो. सासू शांतम्मा बुटकी, गोरी, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलताना निम्मं कानडी. आणि त्या घराचा राजा म्हणजे सोमलिंग, सगळ्यांचा सोमू. दोन वर्षं उलटून थोडे दिवस झालेले, आजोबांचं नाव लावणारा आणि आजोबांइतकाच हट्टी.

महेश्वरीला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि शांतम्मानं घराचा ताबा घेतला. पोटुशीनं हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याला अडकते, असं तिचं म्हणणं. इकडं पुष्कळ घरांत म्हणतात. पण शांतम्मा नुसती म्हणत नव्हती. तिची पहिली मुलगी अशीच गेली होती, गळ्याला नाळ घेऊन. त्या महिन्यात शांतम्मानं पाटावर उभं राहून दाराला तोरण बांधलं होतं. तेव्हापासून त्या घरात सणावाराला तोरण बांधायचं ते दुसऱ्या कुणीतरी. शांतम्मा खालून आंब्याची पानं देते, दोरा देते, पण हात वर करत नाही. हे मला तिनं एकदाच सांगितलं, ज्वारी निवडताना, मान खाली घालून. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यामुळं महेश्वरीसाठी सगळं घर खाली उतरलं. मांडणीवरचे डबे जमिनीवर आले. वरचं भांडं काढायला हात जायला नको म्हणून शेगडी ओट्यावरून खाली आली, शेजारी सिलिंडर. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी इतकी खाली आली की लुगडी मातीला टेकायची. आणि दाराची आतली कडी, जी चौकटीच्या वरच्या अंगाला होती, ती महांतेशनं काढून कमरेएवढ्या उंचीवर बसवली. आडवी, सरकवायची, तेल घातलेली.

"अत्ती, आता छत बी खाली घेता का?" महेश्वरी सासूला अत्ती म्हणते. थट्टा करायची तिला हौस.

"घेतलं असतं गं, पण तुझा नवरा लई उंच," शांतम्मा म्हणायची.

आम्ही हसायचो. सून जपणारी सासू मी नाटकातसुद्धा क्वचित पाहिली होती, तेव्हा मला तर कौतुकच वाटायचं. सासूनं सुनेसाठी घर खाली आणलं, पण सुनेच्या खालीही त्या घरात एक माणूस हिंडत होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या माणसाचं दुःख वेगळंच होतं. रोज सकाळी महेश्वरी सोमूला उचलून दाराच्या तोरणाला हात लावू द्यायची. तोरणात एक पितळी घुंगरू होतं. माझंच, पायातल्या जुन्या चाळातलं निघालेलं. तो घुंगरू वाजवायचा, खदाखदा हसायचा, मगच दूध प्यायचा. पोट दिसायला लागल्यावर ते बंद झालं. सोमू दारात उभा राहून दोन्ही हात वर करायचा.

"आई, उचल."

"बाळ हाय ना रं पोटात. उद्या."

"उद्या" म्हणजे काय ते त्याला कुठलं कळायला? पण ते कधीच येत नाही, एवढं त्याला कळलं होतं. मग तो पोटाकडं असा बघायचा, जणू आत बसलेल्यानं त्याची जागा बळकावलीय. अंगावरचं दूधही तुटलं होतं. दिवसभर तो आईच्या पदराला धरून आणि आई कमरेला हात धरून. एक पाय बादलीत घालायचा, एक पिठात. ती वाकून उचलायला जायची, आठवण व्हायची, थांबायची. मग त्याच्या शेजारी फतकल मारून बसायची आणि बसल्यावर उठायला मला हाक मारायची. "मावशी, क्रेन पाठवा!"

आठवा महिना चालू होता. सकाळची वेळ, महांतेश दुकानावर, शांतम्मा डबा घेऊन गिरणीला गेलेली. मी माझ्या दारात चहाचा कप घेऊन बसले होते. महेश्वरीनं शेगडीवर दूध ठेवलं, बारीक आचेवर, आणि पिळ्यांची बादली घेऊन बाहेर आली. सोमू उंबऱ्यात हात वर करून उभा.

"उद्या, सोन्या. कपडे घालून येते."

ती दोरीकडं वळली. मागं दार लागलं. मग आवाज आला. तेल घातलेल्या कडीचा आवाज मोठा नसतो. नुसतं सुळ्ळकन.

तेव्हा तिनं ते फडकं घडी घातलं.

"मावशी," ती म्हणाली, "त्यानं कडी लावली. दूध शेगडीवर हाय."

मी कप कुठं ठेवला ते मला अजून आठवत नाही. महेश्वरीचा फोन आत. माझ्या फोनवरून महांतेशला लावला, वाजत राहिला. टायरात हवा भरायचं यंत्र चालू असलं की त्याला देव जरी हाक मारायला आला तरी ऐकू जात नाही. समोरचा धुळाप्पा पहार घेऊन धावत आला, तोंडात बिडी.

"सरका, मोडतो दार."

"तो दाराला चिकटून हाय, काका," महेश्वरी म्हणाली. तिनं फटीतून बघितलं होतं. "दार आत पडंल. त्याच्या अंगावर."

पहार थांबली. मी घराच्या कडेच्या खिडकीकडं धावले. गज होते, पण आत दिसत होतं. दूध वर आलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते पातेल्याच्या काठावरून उतरलं, फस्स झालं, आणि निळा जाळ दिसेनासा झाला. मी हुश्श केलं. मूर्ख मी! मग वास आला.

जाळ विझला होता, गॅस नाही. आणि शेगडी जमिनीवर, पोर जमिनीवर.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शांतम्मा दिसली, कमरेवर पिठाचा डबा. तिनं वास घेतला, आमची तोंडं पाहिली, डबा तिथंच टाकला. पीठ सगळीकडं झालं. तिनं पहिली गोष्ट ही केली की धुळाप्पाच्या तोंडातली बिडी ओढून नालीत फेकली. "अय्यय्यो, जाळतोस का माझ्या कूसाला, माझ्या लेकराला!" धुळाप्पा साठीचा माणूस, पण लहान पोरासारखा पहार खाली ठेवून मागं सरला; आता लोखंडाची एक ठिणगीही नको होती.

मला एकच येतं ते मी केलं. खिडकीच्या गजांना धरून मी माकड झाले. मग हत्ती. मग ताशा वाजवत येणारा राजा, मिशीसकट. गळा फुटेस्तोवर. सोमूनं दारापासून तोंड फिरवलं. आला! त्याला बघायचं होतं. दुडूदुडू चालत तो खिडकीकडं आला, टाळ्या वाजवल्या आणि नीट मांडी घालून बसला. शेगडीच्या शेजारी.

असा प्रेक्षक मला आयुष्यात मिळाला नव्हता. माझ्या तोंडचा राजा तिथल्या तिथं मेला.

"मावशी, बंद करा!" महेश्वरी दारापासून ओरडली. त्या सकाळी ती पहिल्यांदाच ओरडली. "तुमच्याकडं येतोय तो. गप बसा. सगळे गप बसा."

मी खाली वाकून खिडकीआड झाले. गल्ली चिडीचूप. मी भिंतीला धरून दाराकडं आले तेव्हा महेश्वरी उंबऱ्यापाशी बसलेली होती, पोट मांडीवर टेकलेलं, तोंड दाराच्या फटीला.

"सोमू."

तिनं फटीला कान लावला.

"सोमू, आई आली. कपडे झाले."

आत पावलं वाजली.

"उचल," आतून आवाज आला. नुसतं तेवढंच.

महेश्वरीनं मान वर करून सासूकडं पाहिलं. शांतम्मा पिठात उभी होती, पांढरी, देवळातल्या मूर्तीसारखी.  महेश्वरी परत फटीकडं वळली.

"उचलते. आत्ता उचलते. उद्या न्हाय. तोरणापस्तोर. घुंगरू वाजवायचं ना?"

"वाजवाचं."

"मग ती कडी सरकव बघू. मघाशी केली तशी, माघारी. राजा माझा. एका हातानं न्हाय, दोन्ही हातांनी."

खरखर झाली. थांबली. आत तो खोकला. एकदा, दोनदा. महेश्वरीची बोटं दारावर पांढरी पडली, पण आवाज तसाच राहिला, मऊ, रोज न्हाऊ घालताना असतो तसा.

"घुंगरू वाट बघतंय, सोमू. ओढ."

सुळ्ळकन.

दार उघडलं आणि वासाचा लोट अंगावर आला. शांतम्मा पदर नाकाला लावून आत घुसली. तिनं सिलिंडरचं बटन फिरवलं आणि मागच्या दाराचा आतला अडसर काढून ते सताड उघडलं. धुळाप्पानं महेश्वरीला हात देऊन उठवलं. सोमू उंबऱ्यात उभा होता, डोळे लाल, दोन्ही हात वर.

महेश्वरीनं त्याला आधी अंगणात मोकळ्या हवेत नेलं, तोंड पुसलं, श्वास घेतोय ना पाहिलं. मग परत दाराशी आणलं. आम्हाला वाटलं, चला, झालं. आता पोराला खडीसाखर देऊन विसरायला लावतील. पण ती वाकली, त्याच्या काखेत हात घातले आणि त्या अवघडल्या देहानं त्याला उचललं. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. डोक्याच्या वर.

"महेश्वरी, हात—" शांतम्मा आतून येता येता म्हणाली. 

घुंगरू वाजलं.

थोड्या वेळानं महांतेश मोटारसायकलवरून आला, हातात टायर काढायची लोखंडी टॉमी, काळाकुट्ट, धापा टाकत. "काय झालं? फोनवर इतके कॉल कुणाचे?" आम्ही दाराकडं बोट दाखवलं. त्यानं कडीकडं बघितलं, पोराच्या उंचीकडं बघितलं, आणि तिथंच उकिडवा बसला. मग पाना आणून कडी काढायला लागला. संध्याकाळपर्यंत ती चौकटीच्या टोकाला गेली, शेगडी ओट्यावर, डबे मांडणीवर. दोरीसुद्धा वर गेली. फक्त शांतम्मा एका जागी बसून होती. सुनेला ती काही बोलली नाही. ते न बोलणं मला गॅसपेक्षा भयंकर वाटलं. रोज रात्री देवापुढं ती जास्त वेळ बसायला लागली, आणि महेश्वरी हात मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत राहायची.

दिवस भरले. सोलापूरला दवाखान्यात नेलं. सोमूला सांभाळायला म्हणून मीही गेले. मुलगी झाली. रडली. आम्ही देवाचं नाव घेतलं. मग सिस्टर बाहेर येऊन सहज म्हणाली, "छान आहे बाळ. गळ्याला नाळेचा वेढा होता, डॉक्टरांनी काढला लगेच."

चाळीस नाटकांचा पडदा एकदम अंगावर पडावा तसं मला झालं. महांतेश भिंतीला टेकला. शांतम्मा उभीच राहिली. आम्हाला आत जाऊ दिलं तेव्हा महेश्वरीनं बाळाकडं नाही, सासूकडं पाहिलं. तिला कळलं होतं. ओठ कोरडे पडले होते.

"अत्ती, म्या हात वर केले..."

शांतम्मा वळली आणि सिस्टरचा हात धरला. "बाई, हिनं पोराला वर उचललं होतं. त्यानं झालं न्हवं?"

सिस्टर हसली. "आजी, नाळ पोटात, हात बाहेर. बाळ आत फिरतं, तेव्हा वेढा बसतो. पुष्कळ बाळांना असतो. हात बांधून बसली असती तरी बसला असता."

"हात वर करून न्हाय?"

"नाही हो."

"तोरण बांधून बी न्हाय?"

"कसलं तोरण?"

 शांतम्मा पलंगाच्या कडेला बसली. तिचा चेहरा मी बघत होते आणि बघवतही नव्हता. ज्या आरोपाखाली माणूस सगळं तारुण्य काढतं, तो आरोपच खोटा निघाला तर आनंद होत असेल असं आपल्याला वाटतं. तिला आनंद नव्हता झाला. ती नुसती आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती, पालथे करून, सुलटे करून.

मग तिनं महेश्वरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "उचललंस म्हणून तो हाय," ती म्हणाली, खिडकीजवळ माझ्या कडेवर असलेल्या सोमूकडं बोट करून. "दुसरं काय बोलायचं न्हाय मला. झोप."

बारशाच्या दिवशी सकाळी मी दारात आले तर शांतम्मा पाटावर उभी. तोंडात दोरा, हात वर, आंब्याची पानं एकीकडं झुकलेली. धुळाप्पा खालून सूचना देत होता.

"वाकडं हाय, वहिनी. उजवीकडं घ्या."

"तुझ्या तोंडात बिडी न्हाय ना? मग गप उभा राहा."

सोमू तिच्या पायाशी आला. आईकडं आता ती छोटी होती, म्हणून त्यानं माणूस बदललं. दोन्ही हात वर केले.

"आज्जी, उचल."

शांतम्मा पाटावरून उतरली आणि त्याला उचललं. तिच्या उंचीनं घुंगरू काही हाताला लागेना. ती पुन्हा पाटावर चढली, पोराला घेऊन, आणि मी धावत जाऊन पाट धरला.