आपला पिट्टू दुसऱ्याच्या पाठीवर

खोडे सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या संत्र्याच्या बागेत झाली, आणि त्या भेटीत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. बोलले ते माझ्या बाबांशी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सौंसरला नववीत होते. सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायला नुकतेच आले होते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जंगलातून पायी कन्हान नदीपर्यंत जायचे आणि पुढे दोन दिवस डोंग्यांतून नदीने, असा त्यांचा बेत होता. मुलगे मिळाले होते. सरांना मुलीही हव्या होत्या.

"पोरींचं काय काम तिथं, गुरुजी?" बाबांनी विचारले.

"वर्गात नदी पोरीही शिकून राहिल्या न, भाऊ," सर म्हणाले. "मंग पाहाची फक्त पोट्ट्यांनीच काऊन?"

बाबांनी एक संत्रे सोलून संपवले, दुसरे सरांच्या हातावर ठेवले. "यंदा न्या. पण काही कमीजास्त झालं, त माही पोरगी पुन्हा येणार नाही. आन् माही नाही आली, त गावातली कोणाचीच येणार नाही."

हे खरे होते. आम्ही चार मुली निघालो, त्या या अटीवर.

जामसांवलीच्या मारुतीच्या आवारात पांढुर्ण्याच्या शाळेतली काही मुलेही बसने येऊन मिळाली. सरांनी ताडपत्रीचे पिट्टू, म्हणजे पाठीवर घ्यायच्या पिशव्या, शिंप्याकडून शिवून आणले होते. सगळ्यांचे पिट्टू भरून झाल्यावर त्यांनी ते एका ढिगात टाकायला लावले आणि आपला नियम सांगितला: कोणी आपला पिट्टू उचलायचा नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचा घ्यायचा, आणि परत येईपर्यंत तो सांभाळायचा. सरांचाही पिट्टू ढिगात होता.

माझ्या आईने मला पाच दिवसांसाठी नव्हे, सासरी पाठवावे तसे भरून दिले होते. लाडवांचा पितळी डबा, चिवडा, लोणच्याची बरणी, आरसासुद्धा. ते सगळे रंजनाच्या पाठीवर गेले. रंजना माझ्याच वर्गातली. तिचे आईवडील बौद्ध शेतमजूर, दुसऱ्यांच्या बागांत कामाला जात. तिचा पिट्टू माझ्याकडे आला. त्यात एक फ्रॉक आणि एक गोधडी. मी पिसासारखी उड्या मारत चालले होते आणि ती घामाघूम मागून येत होती. मला लाज वाटली. पहिल्याच थांब्यावर मी डबा उघडायला लावला आणि रंजनाने सगळ्यांना लाडू वाटून टाकले. आमच्या घरी तेव्हा कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या नाही, हे फार पाहत. आईचा डबा रंजनाने वाहिला आणि तिनेच वाटला, हे मी आईला कधी सांगितले नाही. सरांनी लाडू खाल्ला आणि एवढेच म्हणाले, "आता कसं हलकं झालं!"

सरांच्या खिचडीबद्दल त्यांच्या या गौरवग्रंथात दुसरे कोणीतरी लिहीलच, म्हणून मी सोडून देते. ती खालून करपलेली आणि वरून कच्ची असे, आणि आम्ही ती भांडून खात असू.

कन्हानवर सुखदेवभाऊ ढिवर हे नावाडी आपले डोंगे घेऊन थांबले होते. लाकडाचा अरुंद डोंगा, दोघे बसणार, एकाने बांबूने रेटायचे. पहिल्या दिवशी आम्ही गोल गोल फिरलो. दुसऱ्या दिवशी सरळ जाऊ लागलो आणि डोक्यात हवा गेली. पुढे एका वळणावर पाणी खडकांतून जोरात निघत होते. सुखदेवभाऊ म्हणाले, "गुरुजी, इथं धार हाये. पोरींले उतरवा, डोंगे मी नेतो."

"जाऊ द्या न भाऊ, चांगल्या चालवून राहिल्या," सर म्हणाले.

डोंगा उलटून रंजना आणि मी पाण्यात होतो, हे कळायलाही आम्हाला वेळ लागला. पाणी कमरेएवढेच होते. सुखदेवभाऊंनी दोघींना दंडाला धरून उभे केले. खरचटलेसुद्धा नाही. पण पिट्टू डोंग्याला बांधायचे, असे सरांनी दहादा सांगितले होते, आणि मी रंजनाचा बांधला नव्हता. तो गेला. गोधडी तिच्या आजीच्या लुगड्यांची होती. आजी त्याच वर्षी वारली होती. रंजना काठावर बसून रडली, आणि मी तिच्याशेजारी बसून तिच्याहून मोठ्याने रडले.

परतताना सगळ्या मुलांनी एकमताने ठरवले की डोंगा उलटल्याचे घरी कोणी बोलायचे नाही. आमच्या चौघींचे तर सारे त्यावरच होते. सर ऐकत होते. "तुम्ही नका सांगू," ते म्हणाले. "सांगाचं काम माहं हाये."

सौंसरला उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. मला घेऊन आधी रंजनाकडे गेले. "चुकलं त सांगाले आपण जावं," एवढेच वाटेत म्हणाले. मी कसेबसे सांगितले. रंजनाच्या आईने लेकीला जवळ ओढले. "गोधडी गेली त गेली, पोरगी आली न माही," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "उद्यापासून येजो. नवी शिवू लाग मले."

मग आमचे घर. बाबा ओट्यावर होते. सर उभ्यानेच बोलले, "भाऊ, डोंगा उलटला. ढिवरानं नाही म्हटलं होतं, मी आयकलं नाही. पोरींची चूक नाही, माही हाये."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. सर मान खाली घालून उभे होते. असे उभे राहिलेले सर मी त्याआधीही पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. मला वाटले, संपले सगळे.

"तुम्ही सांगाले आले नसते, त मले कळलं असतं काय?" बाबांनी विचारले.

"नसतं कळलं."

"मंग पुढच्या वर्षीही न्या," बाबा म्हणाले. "जो माणूस आपली चूक घरी येऊन सांगते, त्याच्यासंग पोरगी पाठवाले मले भेव नाही."

पुढच्या वर्षी आम्ही नऊ मुली होतो. रंजनाकडे नवी गोधडी होती. तिच्यातले अर्धे टाके माझे, आणि ते लगेच ओळखू येत. चार दुपारी मी तिच्या घरी बसून ती शिवली, तिथेच चहा प्याले, तिथेच भाकर खाल्ली. आईला कळले तेव्हा तिने गोधडीसाठी आपल्या जुन्या साड्या काढून दिल्या. धारेच्या प्रत्येक वळणावर सर आधी सुखदेवभाऊंच्या तोंडाकडे पाहत, मगच आम्हाला पुढे सोडत.

मी आता पांढुर्ण्याला शिक्षिका आहे आणि माझ्या विद्यार्थिनींना कन्हानवर नेते. सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत म्हणून या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी सरांना फोन केला. वाटले, ते म्हणतील, माझे फार कौतुक करू नको. ते म्हणाले, "डोंगा उलटला, ते लिहिजो. नाही लिहिलं त बाकीचं खरं कोण मानंल?"

सर, लिहिले. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे जामसांवलीहून थोडे चालणार आहोत. तुमचे गुडघे जमेल तेवढे चालू देत, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि तुमच्या हातची कच्ची खिचडी आम्हाला पुष्कळ वर्षे मिळो. ढीग लावायच्या आधीच मी रंजनाशी भांडून तुमचा पिट्टू माझ्याकडे ठरवून घेतला आहे. या वेळी बांधायला विसरणार नाही.